चौदाशे चौरस फुटांची हमी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या किनाऱ्यावर मॅकिन्टॉश नावाची एक छोटी ग्रामीण काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा शासकीय विभाग, आहे. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या जेमतेम अकरा हजार भरली. या काउंटीच्या निवडून आलेल्या पाच सदस्यांच्या आयुक्त मंडळाने १२ सप्टेंबर २०२३ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी जमीनवापराच्या नियमांत एक दुरुस्ती मंजूर केली. सापेलो बेटावरील हॉग हमॉक या वस्तीत कोणालाही १,४०० चौरस फुटांपेक्षा मोठे घर बांधता येणार नाही, अशी मर्यादा तोवर होती. दुरुस्तीने ती ३,००० चौरस फुटांवर नेली. वस्तीतले रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्या वाचकाला चौदाशे चौरस फुटांचे घरसुद्धा ऐसपैस वाटेल आणि एवढ्या तेवढ्या फरकावरून न्यायालयापर्यंत जाण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडेल. परंतु त्या आकड्याचा संबंध घरात किती माणसे मावतात याच्याशी नव्हता. बेटावर पुढे कोण राहणार, हे तो आकडा ठरवत होता.

हॉग हमॉक ही गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांची वस्ती आहे. हे लोक स्वतःला गिची म्हणवतात. कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवर आणि बेटांवर पसरलेल्या गला-गिची समाजाची स्वतःची बोली, स्वतःची शेतीची आणि मासेमारीची रीत, गवताच्या टोपल्या विणण्याची स्वतःची कला आहे, आणि बेटांवर राहिल्यामुळे त्यांच्या आफ्रिकी खुणा मुख्य भूमीवरच्या कृष्णवर्णीयांपेक्षा अधिक टिकल्या. अशा बेटांवरील ज्या मोजक्या वस्त्या अजून अखंड उरल्या आहेत त्यांत हॉग हमॉकची गणना होते. कायमचे रहिवासी तीस ते पन्नासच्या दरम्यान. १९९६ पासून ही संपूर्ण वस्ती अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ‘ऐतिहासिक विभाग’ म्हणून दाखल आहे. देशाच्या सरकारने ऐतिहासिक ठरवलेल्या विभागाचे रूप पालटून टाकणारा निर्णय तीन स्थानिक आयुक्त एका सायंकाळी घेऊ शकतात, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसला. वास्तविक त्यात कायद्याच्या दृष्टीने धक्कादायक काहीच नव्हते, आणि माझ्या मते दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

राष्ट्रीय नोंदवही १९६६ च्या ऐतिहासिक वारसा जतन कायद्याने अस्तित्वात आली. युद्धोत्तर काळात महामार्ग आणि शहरांचे पुनर्निर्माण यांच्या नावाखाली जुने भाग भराभर पाडले जात होते, त्या अस्वस्थतेतून हा कायदा झाला. साधारणपणे पन्नास वर्षांहून जुनी, इतिहासाशी, महत्त्वाच्या व्यक्तीशी किंवा बांधकामशैलीशी नाते सांगणारी आणि आपले मूळ रूप बऱ्यापैकी राखून असलेली वास्तू या वहीत येऊ शकते. वहीत आल्यावर काय होते? केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना लागणारा प्रकल्प असेल, तर त्या वास्तूवर काय परिणाम होईल याचा संबंधित खात्याला विचार करावा लागतो. विचार करावा लागतो, एवढेच. उत्पन्न देणाऱ्या जुन्या इमारतीची नियमानुसार दुरुस्ती केली, तर खर्चाच्या वीस टक्क्यांइतकी आयकरात सवलत मिळते. स्वतः राहत असलेल्या घराला ही केंद्रीय सवलत नाही. आणि खासगी मालक स्वतःच्या पैशाने आपली नोंदणीकृत वास्तू रंगवणार असेल, वाढवणार असेल किंवा उद्या सकाळी जमीनदोस्त करणार असेल, तर ही नोंद त्याला अडवत नाही.

नोंदवही हे मानपत्र आहे. तिला कुंपण समजण्याची चूक आपण करतो. अडवण्याचा अधिकार अमेरिकेत स्थानिक शासनाकडे आहे. चार्ल्सटन शहराने १९३१ मध्येच जुन्या भागासाठी असा स्थानिक कायदा केला होता, आणि दक्षिणेतील अनेक शहरांनी पुढे तोच मार्ग धरला. पण शहरांकडे नियोजन विभाग असतो, वास्तुविशारद असतात, वारशावर जगणारा पर्यटन व्यवसाय असतो आणि घराच्या दर्शनी भागावरून आयुक्तांच्या बैठकीत भांडणारे सुस्थित नागरिक असतात. अकरा हजार वस्तीच्या काउंटीत यातले फारसे काही नसते. तिथे वारशाचे भवितव्य जमीनवापराच्या नियमावलीतल्या एखाद्या रुक्ष कलमावर, करआकारणीच्या तक्त्यावर आणि जमिनीच्या कागदावर कोणाचे नाव आहे यावर अवलंबून राहते. हॉग हमॉकच्या बाबतीत ते कलम चौदाशे चौरस फुटांचे होते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, जे शासन एखाद्या वस्तीला ऐतिहासिक म्हणून गौरवते आणि जमीन, कर व बांधकाम यांचे नियम मात्र वाऱ्यावर सोडते, ते त्या वस्तीचे जतन करत नाही. तिच्या निधनवार्तेचा मजकूर आधीच लिहून ठेवते.

मॅकिन्टॉश काउंटीतील नोंदी पाहिल्या म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १७२१ मध्ये ब्रिटिशांनी बांधलेल्या किंग जॉर्ज किल्ल्याची जागा तिच्यात आहे. डॅरियन हे काउंटीचे मुख्य गाव १७३६ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्या लोकांनी वसवले. १७३९ मध्ये त्यातल्या काहींनी जॉर्जियात गुलामगिरी येऊ देऊ नये असा अर्ज केला होता, ही त्या गावाच्या इतिहासातील अभिमानास्पद गोष्ट. त्या गावातले जुने चौक नोंदवहीत आहेत. गावाच्या उत्तरेला नदीवरच्या वाटाड्यांनी आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांनी बांधलेली ‘द रिज’ ही घरांची ओळ आहे. ११ जून १८६३ रोजी, यादवी युद्धाच्या धुमाळीत, उत्तरेच्या फौजेने डॅरियन जवळजवळ संपूर्ण जाळले. त्यामुळे तिथे जे जुने दिसते ते बहुतेक आगीनंतरचे, आणि आगीतून जे वाचले त्यात टॅबीच्या भिंती आहेत.

टॅबी म्हणजे काय, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कालवांच्या शिंपल्यांचे ढीग रचून, लाकडे घालून ते भाजायचे आणि त्यांचा चुना करायचा. त्या चुन्यात वाळू, पाणी आणि न भाजलेले अख्खे शिंपले मिसळायचे. मग तो गारा फळ्यांच्या साच्यात ओतून, ठोकून, वाळला की साचा वर सरकवून पुढचा थर घालायचा. आपल्या कोकणातही शिंपले भाजून चुना करत, त्यामुळे यातला पहिला अर्धा भाग आपल्या ओळखीचा आहे. भिंतीवरचा गिलावा झडला की आतले शिंपले उघडे पडतात, करवतीच्या दात्यांसारखे बोटांना लागतात, आणि साच्यांच्या आडव्या रेघाही दिसतात. सापेलोचा जमीनदार थॉमस स्पाल्डिंग याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला, आणि वारशाविषयीच्या लिखाणात त्याचे नाव त्यासाठी आदराने घेतले जाते. पण शिंपले गोळा करणारे, भट्ट्या लावणारे आणि गारा ठोकणारे हात त्याचे नव्हते. ते त्याच्या शेकडो गुलामांचे होते. त्याने १८१० च्या सुमारास बांधलेला वाडा पुढे पडला. हडसन मोटारीच्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या हॉवर्ड कॉफिन याने १९१२ मध्ये बेटाचा बहुतेक भाग विकत घेऊन तो नव्याने उभा केला. त्यानंतर तंबाखूच्या धंद्यातला वारसदार आर. जे. रेनॉल्ड्स याने तो घेतला आणि आज राज्य सरकार त्याच नावाने तिथे पाहुण्यांची सोय करते. मालकाचा वाडा सार्वजनिक खर्चाने उत्तम राखला जातो. मजुरांच्या वंशजांच्या घरांचा प्रश्न निघतो तेव्हा मात्र खासगी मालमत्तेचा आणि बाजाराचा मुद्दा पुढे केला जातो. वाडा राखू नये असे मी म्हणत नाही. तो राखलाच पाहिजे. पण वारसा राखायचा ठरवले तर पैसा, कर्मचारी आणि कायदा यांची सोय करता येते, हे त्या वाड्यानेच दाखवून दिले आहे.

त्या मजुरांपैकी एकाचे नाव इतिहासात राहिले आहे. पश्चिम आफ्रिकेतील फुटा जालोन प्रदेशातून पकडून आणलेला बिलाली महंमद हा स्पाल्डिंगच्या मळ्यावर मुकादम होता. तो मुसलमान होता, लिहितावाचता होता, आणि त्याने अरबी लिपीत लिहिलेली तेरा पानांची वही आज जॉर्जिया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिच्यातला मजकूर मालिकी पंथाच्या एका धर्मशास्त्रीय ग्रंथावर आधारलेला असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. हॉग हमॉकमधील अनेक कुटुंबे त्याचे वंशज आहेत. मुक्तीनंतर या लोकांनी सरकारी दानाची वाट पाहिली नाही. १८७१ मध्ये त्यांच्यापैकी तिघांनी विल्यम हिलरी कंपनी या नावाने बेटाच्या उत्तर भागातील रॅकून ब्लफ येथे जमीन विकत घेतली आणि ती आपसांत वाटली. सहा वर्षांपूर्वी जे स्वतः विकले जाऊ शकत होते, ते खरेदीखतावर खरेदीदार म्हणून नाव लिहीत होते. ही जमीन म्हणजे त्यांच्यासाठी काय असेल, याची कल्पना करताना माझा तरी आवाज बदलतो.

रॅकून ब्लफचे पुढे काय झाले, हे प्रत्येक वारसाप्रेमी माणसाने समजून घेतले पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यात रेनॉल्ड्सने बेटावरील निरनिराळ्या कृष्णवर्णीय वस्त्या एकत्र करून सर्वांना हॉग हमॉकमध्ये आणले. जमिनींची अदलाबदल झाली आणि बाकीच्या वस्त्या मोडल्या. रॅकून ब्लफमध्ये उरले ते प्रार्थनाघर. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीने १९०० मध्ये बांधलेली ती साधी लाकडी इमारत. तिच्यासाठी लागलेले बरेचसे लाकूड १८९८ च्या भयंकर चक्रीवादळात वाहून आलेले, किनाऱ्यावरून गोळा केलेले होते. ज्या पुराने घरे नेली त्याच पुराने आणलेल्या फळ्यांतून देवघर उभे राहिले. आज हे प्रार्थनाघर दुरुस्त केलेले आहे, नोंदवहीत आहे, बाहेरचे लोक ते पाहायला येतात. त्याच्या भोवतीचे गाव मात्र नाही. इमारत वाचली आणि वस्ती गेली, असे जतन कसे दिसते याचा नमुना बेटावरच उभा आहे, आणि हॉग हमॉकच्या वाट्याला तेच येऊ नये अशी माझी तळमळ आहे.

याहून कठोर उदाहरण त्याच काउंटीच्या मुख्य भूमीवर आहे. हॅरिस नेक येथे मुक्त झालेल्या कुटुंबांची भरभराटीची वस्ती होती. मासे, कालवे, शेती यांवर ती स्वयंपूर्ण होती. १९४२ मध्ये केंद्र सरकारने युद्धासाठी विमानतळ हवा म्हणून तिथली सुमारे २,७०० एकर जमीन ताब्यात घेतली, लोकांना थोड्या दिवसांत निघून जायला सांगितले आणि घरे नष्ट केली. युद्ध संपल्यावर जमीन त्यांना परत मिळाली नाही. आधी ती काउंटीकडे गेली आणि १९६२ मध्ये तिथे केंद्राचे पक्षी व वन्यजीव अभयारण्य झाले. वंशजांनी आंदोलने केली, न्यायालयात गेले, हरले. आता हॅरिस नेकमध्ये जपण्यासारखे जुने घर कोणते? एकही नाही, कारण सरकारनेच ती पाडली. मूळ रूप टिकून असणे हा वहीचा निकष आहे आणि तो वास्तुशास्त्राच्या दृष्टीने रास्तही आहे. परंतु ज्यांना हुसकावले गेले त्यांच्याजवळ दाखवायला मूळ रूप उरत नाही. यादीत जे दिसते त्याचा इतिहास ती सांगते. मिटवले गेले त्याचा इतिहास सांगण्याची सोय तिच्यात फारच तोकडी आहे.

हॉग हमॉकमध्येही या निकषाची एक बोचणारी बाजू आहे. ऐतिहासिक विभागातील प्रत्येक इमारत त्याच्या महत्त्वात ‘भर घालणारी’ की ‘भर न घालणारी’, अशी विभागणी केली जाते. जुने लाकडी घर, दुकान, शाळेची इमारत यांची भर धरली जाते. पण गरीब वस्तीत छप्पर गळू लागले, दुरुस्तीला कर्ज मिळेना, तर कुटुंब त्याच जागेवर कारखान्यातून आलेले तयार घर आणून ठेवते. पन्नास वर्षांच्या आतल्या अशा घराची साधारणपणे भर धरली जात नाही. त्या घरात बसून टोपली विणणाऱ्या आजीबाईंमुळे तो विभाग ऐतिहासिक आहे, आणि त्यांचेच घर हिशेबाबाहेर. भिंतींची मोजदाद करण्याच्या पद्धतीत माणसांसाठी रकाना नसला की असे होते.

त्या मानाने काउंटीचा १९९४ चा जमीनवापर नियम मला अधिक शहाणा वाटतो. त्यात गौरवाची भाषा फारशी नव्हती. जमिनीच्या किमती वाढून मूळ रहिवाशांना बेट सोडावे लागू नये, हा हेतू मात्र सरळ लिहिलेला होता, आणि त्यासाठी घराच्या आकारावर मर्यादा घातलेली होती. तिचे काम कसे चालत असे ते पाहा. समुद्राकाठी सुट्टीसाठी बंगला बांधणाऱ्या श्रीमंताला छोटे घर नको असते. छोटेच घर बांधता येत असेल, तर तो त्या जमिनीसाठी मोठी किंमत मोजत नाही. मोठ्या किमतीचे व्यवहार झाले नाहीत, तर शेजारच्या जमिनीचे सरकारी मूल्यांकन वाढत नाही. मूल्यांकन वाढले नाही तर पेन्शनवर किंवा थोड्याशा मजुरीवर जगणाऱ्या वृद्ध माणसाला मालमत्ता कर भरता येतो. साखळीतली पहिली कडी सैल केली की शेवटची आपोआप तुटते. हे निव्वळ तर्काचे काम नाही: २०१२ मध्ये मूल्यांकन नव्याने झाले तेव्हा हॉग हमॉकमधील काही कुटुंबांची कराची बिले कित्येक पटींनी वाढली होती, आणि तीसुद्धा चौदाशेची मर्यादा कायद्यात असताना, काही मोठी घरे उभी राहू लागल्यामुळे.

कराच्या जोडीला वारसाहक्काचा प्रश्न आहे. आजोबांच्या नावावरच्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस वारसांची नावे चढलेली असतात, त्यातले निम्मे शहरात, काहींचा पत्ताच नाही, हे चित्र मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या जमिनींची स्थिती याहून नाजूक आहे. गोऱ्यांच्या न्यायालयांवर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते आणि वकील परवडत नव्हता, म्हणून कित्येकांनी मृत्युपत्रच केले नाही. जमीन पिढ्यान्‌पिढ्या सर्व वारसांची सामाईक राहिली. अशा जमिनीवर बँक कर्ज देत नाही, वादळानंतरची सरकारी मदत मिळवताना मालकी सिद्ध करता येत नाही, आणि सगळ्यांत घातक म्हणजे दूरच्या एखाद्या वारसाचा अंश विकत घेऊन परका माणूस न्यायालयात जाऊन वाटपाची मागणी करू शकतो. जमिनीचे तुकडे पाडणे सोयीचे नसेल तर सगळी जमीन विकून पैसे वाटून दिले जातात. जॉर्जियाने २०१२ मध्ये कायदा करून अशा वेळी आधी रीतसर मूल्यांकन व्हावे आणि उरलेल्या वारसांना तो अंश विकत घेण्याची संधी मिळावी, अशी तरतूद केली. हा कायदा स्तुत्य आहे. पण जमिनीचा भावच गगनाला भिडला असेल तर विकत घेण्याची संधी कागदावरच राहते, आणि भाव कुठे भिडावा हे पुन्हा त्या चौरस फुटांवर ठरते.

नव्या मर्यादेच्या बाजूने जे बोलले जाते त्याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे. पहिला मुद्दा असा की, जुना नियम फक्त गरम-थंड करता येणाऱ्या खोल्यांचे क्षेत्रफळ मोजत असे. लोक मोकळ्या पडव्या बांधत आणि मंजुरीनंतर त्या बंदिस्त करत, त्यामुळे नियम पाळून घेणे अवघड होते. हे खरे असू शकते. पण मापाची व्याख्या सदोष असेल तर व्याख्या दुरुस्त करावी. छताखालचे सर्व क्षेत्र मोजायचे ठरवून मर्यादा थोडी वाढवली असती तर कोणी तक्रार केली नसती. दुरुस्तीच्या नावाखाली मर्यादा दुप्पट करण्याचे समर्थन त्यातून होत नाही. दुसरा मुद्दा कुटुंबाचा: सणाला मुले-नातवंडे बेटावर आली तर त्यांना मावेल असे घर बांधण्याचा हक्क गिची माणसाला का नसावा? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, कारण तो बरोबर आहे. मूळ कुटुंबांसाठी अपवाद करण्याचे मार्ग शोधता आले असते; रहिवाशांशी बसून बोलले असते तर त्यांनीच ते सुचवले असते. ज्या बदलाचा फायदा रहिवाशांना होणार असे सांगितले जाते, त्याच्या विरोधात तेच रहिवासी न्यायालयात उभे राहतात, यावरूनच तो बदल त्यांच्यासाठी नव्हता हे उघड होते.

सर्वांत वजनदार मुद्दा मालकी हक्काचा आहे. बेटावर बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या त्या कोणीतरी विकल्या म्हणूनच, आणि विकणाऱ्यांत गिची वंशज होतेच. आपल्या जमिनीची पुरेपूर किंमत मिळवण्याचा हक्क गोऱ्याला आहे, तर तो गिची माणसालाच का नाकारायचा? त्याने गरीब राहून आपल्यासाठी संस्कृती जपावी, असे दूरवर बसून आपण कोण सांगणार? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि वारसा चळवळीतल्या ज्या लोकांना ते सोपे वाटते त्यांच्याशी माझे जमत नाही. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. बेटाचा सुमारे ९७ टक्के भाग राज्य सरकारच्या मालकीचा आहे, म्हणजे तिथला बाजार कधीच मोकळा नव्हता. हॉग हमॉकची सुमारे सव्वाचारशे एकर जमीन ही आधीच्या बळजबरीच्या स्थलांतरातून उरलेली जमीन आहे. आणि मालकी हक्कात विकण्याच्या हक्काइतकाच न विकता राहण्याचाही हक्क येतो. शेजाऱ्याने किती किमतीला विकले यावरून माझा कर ठरणार असेल, तर माझा न विकण्याचा हक्क शेजाऱ्याच्या हातात जातो. आकाराची मर्यादा विकणाऱ्याच्या नफ्याला काही प्रमाणात कात्री लावत होती, हे मान्य. पण ती राहणाऱ्याच्या हक्काची राखण करत होती, आणि या दोहोंत निवड करावीच लागली तर मी राहणाऱ्याच्या बाजूने उभा राहीन.

काउंटीलाही पैसा लागतो, ही गोष्ट खरी आहे. कारखाने नाहीत, बरीच जमीन सरकारी अभयारण्यांखाली, तिच्यावर कर नाही. शाळा, रुग्णवाहिका, अग्निशमन यांचा खर्च कोठून करायचा? पण हॉग हमॉकच्या रहिवाशांनी २०१५ मध्ये जो दावा लावला तो नेमका याच गोष्टींसाठी होता: आम्ही कर भरतो, सेवा मात्र मिळत नाहीत. बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल नाही. मेरिडियनच्या धक्क्यावरून फेरीबोटीने यावे लागते, आणि शाळकरी मुलांना रोज त्याच वाटेने मुख्य भूमीवर जावे लागते. त्या दाव्यात राज्याने २०२० मध्ये तडजोड केली, आणि अपंगांना सहज वापरता यावेत म्हणून धक्के नव्याने बांधले. काउंटीने २०२२ मध्ये वीस लाख डॉलरची तडजोड केली. पुढच्याच वर्षी नवा जमीनवापर नियम आला.

त्यानंतर १९ ऑक्टोबर २०२४ चा दिवस उजाडला. बेटावर गिची संस्कृतीचा वार्षिक सोहळा होता, शेकडो पाहुणे आले होते. परतीच्या बोटीची वाट पाहत लोक धक्क्याला जोडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पुलावर उभे असताना तो मधोमध मोडला आणि सात माणसे मेली. २०२१ मध्ये बसवलेला तो पूल तडजोडीनंतरच्याच नव्या बांधकामाचा भाग होता. या दुर्घटनेचा जतनाच्या चर्चेत उल्लेख करणे कोणाला विषयांतर वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या वस्तीला जायचा-यायचा मार्गच असा असेल तिथे तरुण कुटुंब राहायला येणार नाही, आणि तरुण कुटुंब आले नाही तर तीस-पन्नासाची वस्ती एका पिढीत संपेल, मग नोंदवहीत तिचे कितीही सुंदर वर्णन असो. भक्कम पूल आणि वेळेवर सुटणारी बोट यांवर झालेला खर्च हा ऐतिहासिक वारशावर झालेला खर्च आहे, असे समजूनच तो व्हायला हवा.

मग करावे काय? जॉर्जियाच्या कायदेमंडळाने १९८३ मध्ये सापेलो बेट वारसा प्राधिकरण स्थापन केले, त्याचा हेतूच हॉग हमॉक समाजाच्या हाती टिकवणे हा होता; हे प्राधिकरण कागदावर न ठेवता त्याला विक्रीला निघालेले भूखंड विकत घेऊन वंशजांना दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याइतका पैसा राज्याने द्यावा. शेतजमिनीवर जसा बाजारभावाऐवजी वापरानुसार कर लावण्याची सवलत असते, तशीच नोंदवहीतल्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांच्या घराला असावी. म्हणजे वस्तीची नोंद आणि कराचे बिल यांची निदान एकदा गाठ पडेल. मालकीचे कागद नीट करून देणारे वकील काउंटीच्या किंवा विद्यापीठाच्या खर्चाने उपलब्ध व्हावेत; जुन्या घराच्या छपरापेक्षा जुन्या घराच्या मालकीला लागलेली गळती आधी बुजवली पाहिजे. आणि केंद्राने नोंदवहीत नवा विभाग घेताना स्थानिक शासनाला विचारावे, की या जागेसाठी तुमच्या जमीनवापर नियमांत काय आहे. उत्तर ‘काही नाही’ असेल, तर नोंद जरूर करावी, पण तो विभाग संरक्षित आहे असा समज पसरू देऊ नये.

हे केवळ सरकारनेच करायचे, असेही नाही. कॉर्नेलिया वॉकर बेली या बेटावर १९४५ मध्ये जन्मल्या, बिलालीच्या वंशज. बेटाच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या आणि २०१७ मध्ये त्या गेल्या. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी गिची लोकांच्या पिढीजात लाल चवळीची शेती पुन्हा बेटावर सुरू करण्यासाठी जिवाचे रान केले, कारण त्या चवळीला दूरच्या शहरांतल्या उपाहारगृहांत चांगला भाव मिळू शकत होता आणि त्या पैशातून कर भरून जमीन हातात ठेवता आली असती. त्यांनी जपण्यासाठी पीक निवडले, इमारत निवडली नाही. नोंदवहीच्या कोणत्याही निकषात न बसणारी ती मूठभर चवळी मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नेमका जतनाचा विचार वाटते.

दुरुस्तीविरुद्ध सार्वमत घ्यावे म्हणून जो अर्ज तयार झाला त्यावर काउंटीतल्या २,३०० हून अधिक मतदारांनी सह्या केल्या. बेटावर राहणारे फार तर पन्नास. म्हणजे सह्या करणाऱ्यांतले बहुतेक सगळे मुख्य भूमीवरचे, ज्यांच्या घराच्या आकाराशी किंवा कराशी या नियमाचा काहीही संबंध नव्हता. काउंटीने हे सार्वमत न्यायालयाकडून थांबवले, तेव्हा काही शे लोकांनी आगाऊ मतदान केलेलेसुद्धा होते. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२५ रोजी तो निर्णय फिरवला आणि काउंटीच्या अशा नियमांवर मत देण्याचा अधिकार राज्यघटनेने मतदारांना दिलेला आहे, असे सांगितले. हा निकाल महत्त्वाचा आहे. तरी सार्वमताने एखादी दुरुस्ती फक्त खोडता येते. तिच्या जागी नवे कलम लिहिता येत नाही. ते लिहिण्याचे काम त्या पाच आयुक्तांच्या मंडळाकडेच राहते, आणि पुढच्या वेळी ते लिहायला बसतील तेव्हा त्या टेबलाभोवती हॉग हमॉकची किती माणसे बसलेली असतील, याच्याकडे त्या २,३०० सह्या करणाऱ्यांनी लक्ष ठेवायला हवे.